ऐकीव पुस्तके

प्रशासनाच्या भाषेत ‘ऐकीव’ हे विशेषण दोषदर्शक आहे. एखाद्या अहवालावर ‘मजकूर ऐकीव माहितीवर आधारलेला दिसतो’ असा शेरा पडला की त्या अहवालाचे पुढे काही होत नाही. सुमारे तीस वर्षांच्या सेवेत असे शेरे मीही पुष्कळ लिहिले आहेत. आज मात्र मला ऐकीव गोष्टीचा कैवार घ्यायचा आहे, आणि तोही पुस्तकांच्या संदर्भात.

माझे कार्यालय कस्तुरबा गांधी मार्गावर आहे. जुने दिल्लीकर याला अजूनही ‘कर्झन रोड’ म्हणतात. कॅनॉट प्लेसकडून इंडिया गेटकडे जाणाऱ्या या रस्त्यावर मॅक्सम्युलर भवन आहे, अमेरिकन सेंटर आहे, चार्ल्स कोरिया यांनी आखलेली ब्रिटिश कौन्सिलची इमारत आहे; २०१३ पासून नवे महाराष्ट्र सदन आहे आणि २०२१ पासून संरक्षण खात्याचे मोठे कार्यालय-संकुलही. राहायला मी नोएडात. सकाळी मेट्रोच्या ब्ल्यू लाइनने यमुना ओलांडायची, बाराखंबा रोड स्थानकावर उतरायचे आणि हेली रोडच्या बाजूने, अग्रसेनाच्या बावडीवरून, चालत कार्यालय गाठायचे. घरापासून टेबलापर्यंत एक तास, परतीचा तेवढाच. कामाचे दिवस दोनशे तीस धरले तर वर्षाकाठी चारशे साठ तास होतात.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला हा आकडा स्वस्थ बसू देत नाही. गॅरी बेकर यांनी १९६५ मध्ये वेळेच्या वाटपाचा सिद्धांत मांडला, तेव्हापासून वेळेला किंमत असते हे आमच्या शास्त्राने मान्य केले आहे. मेट्रोसारख्या प्रकल्पांचे मूल्यमापन करताना ‘प्रवासाच्या वेळेतील बचत’ ही लाभाच्या बाजूची मोठी बाब असते. त्यामागचे गृहीत असे की वाहनात गेलेला प्रत्येक मिनिट हा निव्वळ तोटा आहे, आणि तो जितका कमी होईल तितके समाजाचे कल्याण अधिक. हे गृहीत मीही कधी तपासून पाहिले नव्हते. काही वर्षांपूर्वी मात्र माझ्या चारशे साठ तासांपैकी बहुतेक तास तोट्याच्या खात्यातून निघून गेले. याचे कारण कानात घातलेले दोन बोंडाएवढे तुकडे आणि त्यांतून ऐकू येणारी खऱ्या साहसी प्रवासांची पुस्तके.

सुरुवात इंग्रजीपासून झाली. ई-ऑफिसच्या पडद्यावर दिवसभर टिपण्या वाचल्यानंतर गाडीत पुस्तक उघडणे डोळ्यांना नकोसे होते. कान मात्र दिवसभर जवळजवळ रिकामेच असतात. २००५ मध्ये सुरू झालेल्या लिब्रिवॉक्स या उपक्रमात जगभरचे स्वयंसेवक स्वामित्वहक्काची मुदत संपलेली पुस्तके वाचून ध्वनिमुद्रित करतात आणि ती सर्वांसाठी मोफत ठेवतात. तेथे मला शॅकल्टनचे १९१९ साली प्रसिद्ध झालेले ‘साउथ’ सापडले. दिल्लीच्या जून महिन्यात, घामाने निथळणाऱ्या गर्दीत उभा राहून मी अंटार्क्टिकाच्या बर्फात अडकलेल्या ‘एन्ड्युरन्स’ जहाजाची हकीगत ऐकत होतो. जानेवारी १९१५ मध्ये जहाज अडकले, नोव्हेंबरात बुडाले. पुढे उघड्या होडीतून सुमारे आठशे सागरी मैल जाऊन शॅकल्टनने मदत आणली आणि त्या जहाजावरचे अठ्ठावीसही जण वाचले. शेवट आधीच ठाऊक असूनही माझे स्थानक एकदा चुकले.

असे प्रवासवर्णन कानाला इतके का मानवते, याचा मी विचार केला. एक कारण असे की खरा प्रवास दिवसामागून दिवस पुढे सरकतो. ऐकणाऱ्याला मागची पाने चाळावी लागत नाहीत, आणि मुक्कामाच्या ठिकाणी कथन थांबवता येते. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे वाटते. वाचताना आपण कंटाळवाणा भाग गाळून पुढे जातो; डोळ्यांना ती सवयच असते, आणि फायली वाचणाऱ्याच्या डोळ्यांना तर फारच. कानाला असे गाळता येत नाही. वाट पाहण्याचे आठवडे, शिध्याचा हिशेब, पुन्हा पुन्हा तेच वारे, हे सारे निवेदकाच्या गतीनेच सोसावे लागते. प्रवासात धोक्यापेक्षा ताटकळणे अधिक असते, ही गोष्ट मला पुस्तके ऐकूनच खऱ्या अर्थाने कळली.

मग साहजिकच मनात आले की आपल्या भाषेत असे काय आहे? उत्तर शोधायला फार लांब जावे लागले नाही. कोकणातील वरसईचे विष्णुभट गोडसे यांचे ‘माझा प्रवास’. आमचे घर पेणचे आणि वरसई त्याच तालुक्यातले गाव. तरी हे पुस्तक मी शाळेतल्या उताऱ्यापलीकडे वाचलेले नव्हते. घरावर कर्ज झालेले, ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार अशी बातमी कानावर आलेली. तेव्हा दक्षिणा मिळवावी म्हणून हा तिशीच्या आसपासचा भिक्षुक काकांना बरोबर घेऊन १८५७ साली घरून निघाला. उत्तरेच्या वाटेवर शिपायांच्या तोंडून बंडाची बातमी कळली, तरी दोघे परत फिरले नाहीत. मार्च-एप्रिल १८५८ मध्ये सर ह्यू रोज यांच्या फौजेने झाशीला वेढा घातला तेव्हा विष्णुभट शहराच्या आत होते. कत्तल आणि लूट त्यांनी पाहिली, मिळवलेले द्रव्य गमावले, आणि अखेर खांद्यावर गंगेची कावड घेऊन ते घरी पोहोचले. पुढे कितीतरी वर्षांनी, चिंतामण विनायक वैद्य यांच्या आग्रहावरून त्यांनी हे सारे लिहून काढले. वैद्यांनी ते १९०७ मध्ये, म्हणजे लेखकाच्या मृत्यूनंतर, छापले. ज्या व्हाइसरॉयचे नाव पुढे या रस्त्याला मिळाले तो कर्झन हिंदुस्थान सोडून तेव्हा दोन वर्षे झाली होती.

हे पुस्तक मला ऐकवले ते माझ्या ताईने. ताई निवृत्त शिक्षिका, पेणलाच असते. मी सहज बोलून दाखवले आणि तिने मोबाइलवर रोज थोडे थोडे वाचून पाठवायला सुरुवात केली. १९०७ च्या आवृत्तीवरील स्वामित्वहक्क केव्हाच संपला आहे, याची मी आधी खात्री करून घेतली. सरकारी स्वभाव सुटत नाही. ताईच्या वाचनात मध्येच कुकरची शिटी होते, दारावरची घंटा वाजते, एकदा तर ‘थांब हो, दूधवाला आलाय’ असेही झाशीच्या वेढ्यातच ऐकू येते. पण गोडसे भटजींचे मराठी हे मुळात सांगण्याचे मराठी आहे. पडवीत बसून कुणी दीर्घ हकीगत सांगावी तशी ती वाक्ये एकात एक गुंतत जातात. छापील पानावर मला जी अडखळत होती, ती ताईच्या आवाजात सरळ चालू लागली.

काल्पीजवळचा विहिरीचा प्रसंग मी ऐकला तेव्हा योगायोगाने बावडीच्या रस्त्यावर होतो. झाशी सोडून निघालेली राणी धुळीने माखलेल्या अंगाने, तहानेने व्याकूळ होऊन विहिरीपाशी येते. विष्णुभट पाणी काढून देऊ म्हणतात. पण विद्वान ब्राह्मणाने आपल्यासाठी पाणी शेंदावे हे तिला योग्य वाटत नाही. ती स्वतःच पाणी काढते आणि ओंजळीने पिते. सर ह्यू रोजच्या खलित्यांत फौजा आहेत, तोफा आहेत, तारखा आहेत. ही ओंजळ त्यांत येणे शक्यच नव्हते. सरकारी दप्तर ज्या घटनेची तारीख ठेवते, तिचा चेहरा पुष्कळदा एखाद्या भिक्षुकाने पाहिलेला असतो. आम्हा अधिकाऱ्यांना कायद्याने ‘सुनावणी’ घ्यायला सांगितले आहे. त्या शब्दात ऐकणे आहे, आणि प्रत्यक्षात आम्ही समोरच्या माणसाकडे न पाहता त्याचा लेखी अर्ज वाचत बसतो. ही चूक माझ्या हातून किती वेळा झाली असेल, हे त्या दिवशी चालताना मोजण्याचा प्रयत्न केला आणि सोडून दिला.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या कुटुंबांच्या दृष्टीने हा केवळ एका अधिकाऱ्याच्या करमणुकीचा प्रश्न नाही.

माझी मुलगी आमच्या बदल्यांबरोबर तीन राज्यांत शिकली. देवनागरी तिला हिंदीमुळे उत्तम येते. मराठी तिला समजते, बोलताही येते. पण मराठी पुस्तक हातात दिले की दहा पानांत ती ते मिटते. अनेक वर्षे मी याला आळस समजत होतो. एकदा सुटीत ती ताईला काहीतरी मोठ्याने वाचून दाखवत होती. ‘चूल’ आणि ‘जाळे’ हे शब्द तिने हिंदीच्या वळणाने उच्चारले आणि ताई हसली. मुलगी ओशाळली, त्यानंतर तिने आत्याकडे कधी मोठ्याने वाचले नाही. दोष तिचा नव्हता. मराठीत ‘च’, ‘ज’ आणि ‘झ’ यांचे प्रत्येकी दोन उच्चार आहेत आणि लिपी त्यांसाठी एकच अक्षर वापरते. ‘चार’मधला च वेगळा, ‘चारा’मधला वेगळा, ‘चिंच’ या एकाच शब्दात तर दोन्ही आहेत. ज्याच्या कानावर आधीच मराठी आहे, त्यालाच हे अक्षर नीट वाचता येते. परप्रांतात वाढणाऱ्या मुलाला पानावरून ही भाषा पुरती मिळूच शकत नाही. तिला डोळ्यांआधी कानांतून यावे लागते.

ताईच्या फिती मी मुलीलाही पाठवू लागलो. ती बंगळुरूत नोकरीला आहे आणि तिचा कार्यालयाचा प्रवास माझ्याहून मोठा आहे. झाशीच्या वेढ्याच्या दिवसांत तिचा आत्याला फोन गेला: ‘पुढचा भाग अजून का नाही आला?’ माझ्या घरात मराठी पुस्तकाची अशी मागणी पहिल्यांदाच नोंदवली गेली.

मागणी आहे, मग पुरवठा का अपुरा? श्राव्य पुस्तकाचा जवळजवळ सगळा खर्च पहिल्या प्रतीवर होतो: वाचक, ध्वनिमुद्रण, संपादन. त्यानंतर आणखी एका श्रोत्याला ते देण्याचा खर्च शून्याच्या आसपास असतो. ज्या भाषेत पैसे देणारे ग्राहक भरपूर, तिथे बाजार हा खर्च उचलतो. जिथे ग्राहक विखुरलेले, आणि पुस्तक रहस्यकथा नसून जुने प्रवासवृत्त, तिथे तो उचलत नाही. याला बाजाराचा दुष्टपणा म्हणता येणार नाही. तो त्याचा हिशेब आहे. अशा ठिकाणी सार्वजनिक पैशाचे समर्थन आमचे शास्त्र नेहमीच करत आले आहे.

पण शासनाच्या मनात पुस्तक म्हणजे अजूनही डोळ्यांची वस्तू आहे. जुलै २०१८ मध्ये छापील आवृत्ती उपलब्ध असलेल्या ई-पुस्तकांवरील वस्तू व सेवा कर १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आणला गेला. निर्णय स्वागतार्ह होता. त्या अधिसूचनेतील ई-पुस्तकाच्या व्याख्येचा भावार्थ मात्र असा: छापील पुस्तकाची ऑनलाइन पुरवलेली, संगणकावर किंवा हातातील उपकरणावर ‘वाचता येणारी’ इलेक्ट्रॉनिक आवृत्ती. मी येथे कायदेशीर मत देत नाही. एवढेच नोंदवतो की या व्याख्येला कान नाहीत.

अपवाद एकच, आणि तो दृष्टिहीनांसाठी आहे. ब्रिटनमध्ये १९३५ साली बोलती पुस्तके निघाली ती युद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांचा प्रश्न समोर असल्यामुळे. पहिल्या तबकड्यांत कॉनरॅडची ‘टायफून’ ही सागरी वादळाची कथा होती. भारताने २०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती करून अपंगांसाठी सुलभ आवृत्ती काढण्याची मोकळीक दिली. २०१३ च्या माराकेश कराराला २०१४ मध्ये सर्वांत आधी मान्यता देणारा देशही भारतच. २०१६ मध्ये ‘सुगम्य पुस्तकालय’ सुरू झाले. म्हणजे पुस्तक ऐकता येते आणि ते राज्याचे काम आहे, हे तत्त्व आपण स्वीकारलेले आहे. प्रश्न ते किती रुंद करायचे एवढाच.

माझ्या सूचना तीन आहेत, आणि तिन्ही माफक आहेत. पहिली, व्याख्येत ‘वाचता’ या शब्दापुढे ‘किंवा ऐकता’ हे दोन शब्द घालावेत. दुसरी, स्वामित्वहक्काची मुदत संपलेली मराठी प्रवासवृत्ते उत्तम वाचकांच्या आवाजात ध्वनिमुद्रित करून सर्वांसाठी खुली ठेवावीत. गोडसे भटजींपासून आरंभ करावा. पंडिता रमाबाईंचे अमेरिकेचे १८८९ चे प्रवासवृत्त दुसरे घ्यावे. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपली अनेक प्रकाशने संकेतस्थळावर मोफत ठेवलेलीच आहेत. हे त्याच वाटेवरचे पुढचे पाऊल ठरेल. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. फेब्रुवारी २०२५ मध्ये याच दिल्लीत, १९५४ नंतर प्रथमच, अखिल भारतीय साहित्य संमेलन भरले आणि आम्ही सगळे उत्साहाने तालकटोऱ्याला गेलो. दर्जाबरोबर येणारा पैसा परिसंवादांतच संपू नये, एवढीच इच्छा. तिसरी सूचना: सार्वजनिक पैशातून दृष्टिहीनांसाठी जी बोलती पुस्तके तयार होतात, त्यांपैकी स्वामित्वहक्क संपलेली सर्वांना उपलब्ध करावीत. हक्क जिवंत असलेल्या पुस्तकांबाबतची मर्यादा मात्र काटेकोर पाळावी. तिथे लेखकाच्या पोटाचा प्रश्न आहे.

आक्षेप मला ठाऊक आहेत. ऐकताना मन भरकटते, खुणा करता येत नाहीत, आकडे लक्षात राहत नाहीत. हे खरे आहे, आणि म्हणूनच आर्थिक पाहणी अहवाल मी कानाने वाचत नाही. काही मित्र म्हणतात की आता यंत्रच वाचून देते, माणसाची गरज काय? मी एका यंत्राकडून गोडसे भटजींचे एक पान वाचून घेतले. दोन्ही ‘च’ त्याने एकाच मापाने मोजले. यंत्र सुधारेलही, पण त्यालाही शुद्ध उच्चार कुणाच्या तरी मुद्रित आवाजातूनच शिकावे लागतील. तो आवाज आधी जमा करायला हवा.

ताई आता अडुसष्ट वर्षांची आहे. पुस्तकाच्या अखेरच्या भागात तिचा आवाज बसलेला जाणवतो. कावडीच्या प्रवासात ती दोनदा खोकते. ‘तेवढे पुन्हा वाचून पाठवते,’ असे ती म्हणाली. मी नको म्हटले. मुलीने त्या फिती दोन ठिकाणी जपून ठेवल्या आहेत. ताईला पुढचे पुस्तक हवे आहे, आणि मी पंडिता रमाबाईंची जुनी प्रत शोधतो आहे. शासन आपल्या गतीने हलेल. ती गती मला आतून माहीत आहे. तोपर्यंत ज्या वाचकांच्या घरी चांगले मराठी वाचणारे एखादे वडीलधारे माणूस आहे, त्यांनी त्याच्या हातात एक पुस्तक द्यावे आणि मोबाइल समोर ठेवावा. कुकरची शिटी आली तर येऊ द्यावी.